हळदीचा खर्रा

७ ऑक्टोबर २००१, रविवार. चामोर्शी

साप्ताहिकात लेख आला. सदर तेच, 'ताटातलं रसायन'. यावेळी हळद. फोटो जुना, त्यात डोक्यावर केस आहेत. संपादकांनी मथळा मोठा दिला: 'रोजची हळद, कॅन्सर हद्दपार!' मी असं काही लिहिलं नव्हतं. पण मथळा वाचून राग आला असं म्हटलं तर खोटं होईल. बरं वाटलं. प्राचार्यांच्या टेबलावर अंक दिसेल असा ठेवून आलो.

शेवटचा परिच्छेद पाठवायच्या आधी मीच काढला होता. त्यात होतं की हळद, लसूण, आवळा, टमाटर यांतली द्रव्यं शरीराला मदत करतात, तीही वर्षानुवर्षं जेवणातून पोटात गेली तर. तंबाखू चालू ठेवून वरून हळद खाल्ली तर बचाव होत नाही. परदेशात सिगारेट ओढणाऱ्यांना गाजरातल्या रंगाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा राहिला, उलट वाढला. एका मासिकात वाचलेलं. काढून टाकलं. म्हटलं, लेख लांबतोय.

लेख लांबत नव्हता. ते लिहिताना माझ्या गालात ख. होता. (ख. म्हणजे काय ते मला माहीत आहे. स्वतःच्या वहीतसुद्धा माझ्या पुडीचा पूर्ण शब्द लिहायची लाज वाटते, आणि खायची वाटत नाही.)

१० ऑक्टो., बुध

बसस्टँडसमोर गफ्फारचा पानठेला. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे तो वडलांच्या ठेल्यावर बसला, मी बॉटनी शिकवायला लागलो. कॉलेजला जाताना माझी सायकल तिथं आपोआप थांबते.

आज बघतो तर माझ्या लेखाचं कात्रण प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून सुपारीच्या बरणीवर टाचलेलं.

"हे काय?"

"तुह्यं नाव हाय त्याच्यात. आपल्या शाळेच्या पोट्ट्यायचं नाव पेपरात येते तं पोलिसाच्या बातमीत. तूच एक बरा निंगला."

गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो म्हणे. ज्याला वाचता येतं त्यालाही. मला संकोच वाटला, पण काढ म्हणालो नाही. मग त्यानं माझा ख. घोटायला घेतला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून लाकडावर खसाखसा. बरोबर कात्रणाखाली. पुडी खिशात टाकून क्लासवर गेलो. आजचा धडा: पेशीविभाजन.

२६ ऑक्टो., शुक्र. दसरा

सकाळी विहारात वंदना. पांढरा सदरा, पुढच्या रांगेत जागा. हल्ली लोक पुढे बसवतात, साप्ताहिकातल्या सदरामुळे. पाचवं शील म्हणताना, तेच, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, जीभ गालातल्या चोथ्याला लागली. उठून थुंकावं तर सगळे बघणार. रस गिळला. ठसका आला. भन्तेजींनी पाणी द्यायला सांगितलं.

माझी पत्नी रत्ना बायकांच्या रांगेतून बघत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिला मागच्या बाकावरचं पोरगं काय चघळतंय तेही कळतं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं म्हणाली नाही. पुढचं मला येतं.

६ नोव्हें., मंगळ

गफ्फारनं नवीन माल काढला. नेहमीच्या खर्ऱ्यात वरून हळद, वाळल्या आवळ्याचा चुरा आणि चिमूटभर मिरपूड. मिरपूड कशाला? कारण लेखात मीच लिहिलंय की मिऱ्यासोबत हळद अंगी जास्त लागते. त्यानं नावही ठेवलं: मास्तर-खर्रा.

"खाय बिनधास्त," म्हणतो. "बिमारी आन् दवाई एकाच पुडीत. दुसरीकडं कुठी भेटन?"

एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर तुटून पडलेत. एकानं मला नमस्कार केला. मी हसलो. पोट धरून हसलो. तिथंच सांगायला हवं होतं की बाबा, असं नसतं. पण गिऱ्हाइकं उभी होती, त्याचा धंदा चालला होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू बक्षीस मिळालंय. चव घेतली. वाईट नव्हती.

रत्नाला विनोद म्हणून सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

२० नोव्हें., मंगळ

रोजे सुरू झालेत. गफ्फारनं संध्याकाळी रोजा सोडायला घरी बोलावलं होतं. नसीमभाभींनी भजी, चणे, फळं मांडली होती. तो खजूर बोटांनी फाडून, बारीक करून तोंडात ठेवत होता. भज्यांना हात लावला नाही.

"काऊन रे?"

"तिखट लागते बावा. दसऱ्यापासून तोंडात आग होऊन राह्यली. साधं वरण बी झोंबते."

आणि मी सुरू झालो. हळदीचं दूध घे. आवळा खा. टमाटर कच्चे नको, तेलात शिजव, म्हणजे त्यातलं लाल द्रव्य शरीराला नीट मिळतं. जवसाची चटणी, बिनमिरचीची. भाभी हातातलं काम सोडून ऐकत होत्या. "भाईसाब, दूध में हल्दी कितनी?" मी चमचा दाखवला.

माहिती सगळी खरी. खुशाल तपासा. फक्त ज्याच्या तोंडात दसऱ्यापासून आग होतेय त्या माणसाला दवाखान्यात जा म्हणायचं असतं, ते सोडून बाकी सगळं सांगितलं. जा म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काऊन? मग कारण सांगावं लागलं असतं. ते कारण माझ्याही खिशात होतं.

चणे संपल्यावर दोघांनी ओसरीवर बसून एकाच पुडीतला खाल्ला. पिवळा.

१७ डिसें., सोम. ईद

गफ्फारकडे शीरखुर्मा. मला मोठी वाटी, मोठा चमचा. त्याच्या हातात तान्ह्या लेकराला औषध पाजायचा इवलासा चमचा. आधी वाटलं गंमत करतोय. मग बघितलं, तो चमचाही तिरका करून आत घालत होता.

वर खुशीत! "पाह्य मास्तर, आग कमी झाली. तुही हळद! महिनाभर दूध घेतलं न् बरं लागून राह्यलं."

क्षणात कळलं मला. महिनाभर रोज्यात दिवसभर त्याच्या तोंडात खर्रा नव्हता. म्हणून आग कमी. रोज्याचं श्रेय त्यानं हळदीला दिलं आणि हळदीचं मला. भाभींनी तर माझ्या घरी द्यायला शीरखुर्म्याचा वेगळा डबा भरून ठेवला होता.

त्याला अंगणात उन्हात नेलं. म्हटलं, तोंड उघड. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धर, दातांच्या मधून घाल. चांगल्या तोंडात तिन्ही जातात. त्याचं एक गेलं, दुसरं अडकलं. गालाच्या आत, ज्या बाजूला खर्रा ठेवतो त्याच बाजूला, पांढरा चट्टा. मधे लाल.

"काय हाय?"

"उष्णता असेल. दाखवून घे एकदा."

उष्णता! वर्गात पोरांनी हा शब्द काढला की मी खडू फेकून मारतो. आणि 'दाखवून घे' इतकं हळू म्हणालो की ते अंगणातल्या कोंबडीलाही ऐकू गेलं नसेल. तो म्हणाला, "तूच तं पाह्यलं. आता आणखीन कोणाले दाखवू?"

घरी येऊन न्हाणीचं दार लावलं. टॉर्च, आरसा. गालात बघितलं. काही नसावं असं वाटलं. सेल उतरले होते. बोटं लावून पाहिली नाहीत.

२३ डिसें., रवि

ईद झाली, गफ्फारचा खर्रा दिवसाही सुरू झाला. आग परत आली म्हणतो. इलाज काय केला? हळद वाढवली.

डबा अजून परत केला नाही. रिकामा डबा परत करू नये म्हणून रत्नानं तिळाचं काहीतरी करून ठेवलंय. घेऊन जा म्हणते. उद्या, म्हणालो.

१६ जानेवारी २००२, बुध. गडचिरोली

महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यात माझं व्याख्यान: 'आहारातून कॅन्सरला प्रतिबंध'. बस दीड तास उशिरा, तरी बायका बसून. फळ्यावर चित्रं काढली. अंबाडी, शेवगा, लसूण चेचून थोडा वेळ तसाच का ठेवावा, भाजीचं पाणी फेकू का नये. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याची आठवण काढून विचारलं, "सर, आमच्या घरी सारं पीकते, सारंच खातो. तरी आमचे बुढे तोंडाच्या कॅन्सरनं काऊन गेले?"

मी खडू खाली ठेवला.

"काय खात होते?" हा प्रश्न विचारायचा असतो. मला उत्तर माहीत होतं, बाईंना माहीत होतं, सगळ्या सभेला माहीत होतं. मी म्हणालो, "अनेक कारणं असतात, आई." टाळ्या. तिळगूळ.

चहाच्या आधी सभागृहाच्या मागे गेलो. पुडी सोडली, चिमूट गालात ठेवली. वळतो तर त्याच बाई नळावर हात धूत होत्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "आमचे बुढे बी असेच मागं जाऊन खात. आमच्यापुढं नाई." आणि निघून गेल्या.

मानधनाचं नारळ-शाल बसमधेच विसरलो. विसरलो की सोडून आलो, देव जाणे. (देव! आमच्या घरात हा शब्द चालत नाही. पण दुसरा सापडेना.)

३ फेब्रु., रवि

आज गफ्फारला स्पष्ट सांगायचं ठरवून गेलो. दुपारी, गर्दी नसते तेव्हा.

"गफ्फार, तो चट्टा साधा नाही. खर्ऱ्यामुळे आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाताच्या डॉक्टर बसतात, उद्याच जाऊ."

तो सुपारी कतरत होता. अडकित्ता थांबला.

"खर्ऱ्यानं? मंग हळद कायले हाय त्याच्यात?"

"हळदीनं काही होत नाही."

"होत नाई?" त्यानं मान वळवून कात्रणाकडे बघितलं. "हे कोणं लिहिलं मंग?"

मी म्हणालो, जेवणातली हळद वेगळी, ही वेगळी. मी म्हणालो, एक परिच्छेद राहून गेला. राहून गेला असंच म्हणालो. काढला असं नाही म्हणालो.

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "तुले माहीत होतं तं तू काऊन खाऊन राह्यला होता?"

खाई त्याला खवखवे. मी आपला खाली पडलेले सुपारीचे तुकडे गोळा करत बसलो.

शेवटी तोच म्हणाला, "मार्कंड्याची जत्रा होऊ दे. मोठा ठेला लावाचा हाय. वर्षाची कमाई त्यातच होते. मंग येतो, तू म्हणशील तिथी येतो." महाशिवरात्र सव्वा महिन्यावर. नको, आधी चल, असं म्हणायचं धैर्य झालं नाही. त्याच्या डोळ्यातला मघाचा प्रश्न गेलेला नव्हता.

आल्याबरोबर संपादकांना पत्र लिहिलं, सोबत तो परिच्छेद. कृपया ठळक छापावा.

१५ फेब्रु., शुक्र

संपादकांचा कॉलेजात फोन. "सर, छापतो हो. पण असं धाकदपटशाचं लोकांना आवडत नाही. पुढच्या वेळी मोहफुलांवर द्या ना, प्रसन्न काहीतरी." मी म्हणालो, बरं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी बरं म्हणालो. परत लावायला हवा होता. पी.टी.चे सर फोनपाशी उभे होते. नाही लावला.

मोहफुलांवर दोन पानं लिहून झाली. प्रसन्न आहेत.

१२ मार्च, मंगळ. महाशिवरात्र

मार्कंड्याला गेलो. आमचं काही दर्शनबिर्शन नसतं. गफ्फारला जत्रा संपताच गाडीत घालून न्यायचं म्हणून गेलो. वैनगंगेच्या वाळूत ठेल्यांची रांग. त्याचा लांबूनच दिसला. वर रंगवलेला कपडा: 'प्रोफेसर साहेबांचा आरोग्यदायी हळद खर्रा'. खाली माझं नाव. रंगाऱ्यानं पदवीसुद्धा लिहिली आहे.

ठेल्यापुढे झुंबड. आमच्या कॉलेजची दोन माजी मुलं, एकाच्या कडेवर पोर. "सर, तुमचाच घेतला." पुडी दाखवली, आशीर्वाद घ्यावा तशी.

त्यांना सांगायला तोंड उघडलं. पण तोंड भरलेलं होतं. बसमधून उतरताना टाकला होता गालात. 'हे खाऊ नका' म्हणायचं तर आधी थुंकावं लागलं असतं, त्यांच्यासमोर. मी हात हलवला, ते समजले सर नमस्कार करताहेत. नमस्कार करून गेले.

नंतर ठेल्यामागे जाऊन थुंकलो. तिथं गफ्फार बसलेला, माझ्याआधीच. पुढे त्याचा साळा माल देत होता. गफ्फारच्या पायाशी वाळूत जे पडलं होतं त्यात लाल होतं. आधी पानाचं वाटलं.

"पान नाई खाल्लं," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

कपडा मी उतरवला. दोऱ्या सुटेनात, दातांनी तोडल्या. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. साळा माझ्या अंगावर आला, गफ्फारनं अडवला. "राहू दे. त्याचंच नाव हाय, तो काढू शकते."

१४ मार्च, गुरु

सकाळी नसीमभाभी घरी आल्या. कधी येत नाहीत. मला वाटलं भांडायला आल्या. त्या रत्नाजवळ स्वयंपाकघरात बसल्या. मी बाहेर पेपरामागे.

"भाभी, मेरी हल्दी में कुछ गलती हुई क्या? कम पडली का? मी तं भाईसाबनं दाखवला तेवढाच चमचा घालत होती."

चार महिने ही बाई रोज न चुकता दूध तापवत होती, आणि आता चूक आपलीच म्हणून विचारायला आली. रत्ना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी पेपर जोरात उलगडला. भाभी जाताना मला सलाम करून गेल्या.

रत्ना बाहेर आली. तिच्या हातात तो ईदचा डबा, रिकामा. तिळाचं वडीसारखं काय ते केलेलं केव्हाच खराब झालं होतं. म्हणाली, "तुम्ही उद्या नाही, आज जा."

२० मार्च, बुध. गडचिरोली

गेलो शेवटी, रत्नाच्या 'आज'ला सहा दिवस झाल्यावर. गफ्फार, मी. भाभी घरी दुवा करत बसल्या.

डॉक्टरबाई तरुण, घाईत. तोंड उघडायला सांगितलं, जितकं उघडलं तितक्यात आरसा घातला. तीन बोटांची परीक्षा. त्याचं आता एकच जातं, तेही जेमतेम.

"हा पिवळा रंग कसला? हळद? खर्ऱ्यात हळद?" त्यांनी आरसा बाहेर काढला. "अहो, हळद मीपण खाते, भाजीत. पण इथं रोज तंबाखू-सुपारीनं घासायचं आणि वर हळद लावायची? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागलो. दुधाचे दात, कायमचे दात.

गफ्फार म्हणाला, "घरच्यायनं."

"घरच्यांनी म्हणजे कोणी?"

"बुढीनं. माह्या मायनं."

त्याची आई मी नववीत असताना गेली. मी खांदा दिला होता. त्यानं मला वाचवायला मेलेल्या आईचं नाव घेतलं, आणि मी तक्ता वाचत राहिलो. दाढा, सुळे. मेलो असतो तर बरं, असं लिहिणार होतो. पण मरायची गोष्ट आता त्याच्या वाट्याला आलेली असू शकते. माझ्या फुकटच्या बढाया बंद.

गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट १ एप्रिल, सोमवारी. वाईट निघाला तर नागपूर, ऑपरेशन. "दसऱ्याला आग सुरू झाली तेव्हाच यायला हवं होतं," बाई म्हणाल्या, कागदावर लिहिता लिहिता. मग वर बघितलं. माझ्याकडे. "तुम्ही? तुम्हीपण खाता ना? दातांवरून दिसतं. बसा, बघते."

"बस सुटेल," म्हणालो. "पुढच्या वेळी."

बस सुटायला अजून अवकाश होता. स्टँडवर दोघं बसून राहिलो. गफ्फारच्या गालात कापूस. त्याला बोलता येत नव्हतं, त्याचा मला केवढा आधार वाटला.

२४ मार्च, रवि

मोहफुलांचा लेख छापून आला. तो परिच्छेद नाही.

अंक फाडला. मग संपादकांच्या घरी फोन लावला. एस.टी.डी. बूथवरून, रांगेतल्या माणसांसमोर. म्हणालो, सदर बंद करा. तो परिच्छेद छापा, नाहीतर सदर बंद. ते म्हणाले, "सर, शांत व्हा, बघू." बघू म्हणजे नाही. सदर बंद झालं असं मी धरून चालतो. संध्याकाळी रस्त्यात भेटलेल्या प्राचार्यांनी विचारलं, पुढचा विषय काय? मी म्हणालो, विषय संपले.

३० मार्च, शनि

गफ्फारनं दवाखान्यात गेलो त्या दिवसापासून खर्रा सोडलाय. मला वाटलं होतं ठेला बंद करेल. नाही. बिस्किटं, विडीकाडी, साधी पानं विकतो. घोटायचं लाकूड उलटं करून त्यावर बसतो. कात्रण मात्र तिथंच, पन्नीत. मी काढायला हात घातला.

"काढू नोको. राह्यलेलं लिही खाली."

"काय?"

"ते, जे राहून गेलं होतं म्हणते."

पेन त्यानंच दिला. पन्नी काढली. कात्रणाखाली पांढरी जागा थोडी, म्हणून अक्षर बारीक केलं. स्टँडवरचे दोन कंडक्टर मागे येऊन उभे राहिले. एकजण मोठ्यानं वाचायला लागला, जसजसं लिहीत होतो तसतसं. "...तंबाखू चालू ठेवून हळद खाल्ल्याने कॅन्सर टळत नाही. हे मला हा लेख लिहिताना माहीत होतं. राहून गेलं नव्हतं, मी काढलं होतं. मी स्वतः खर्रा खातो." खाली सही. कंडक्टर सहीपर्यंत वाचून थांबला. कोणी हसलं नाही. कोणी हसेल म्हणून तर मी इतके महिने...

गफ्फारनं वाचलं, सावकाश. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "खातो?"

मी पेनाला टोपण लावलं.

"आईक मास्तर. सोमवारी मी रिपोर्टले येत नाई."

"येडा आहेस का? आता कशाला..."

"येईन. पण दोन नंबर लावाचे. पहिले तू तुह्यं तोंड दाखवशील, मंग मी माहा कागद घेईन. नाई तं बसलो मी इथीच. मले नाई पाह्याचं काय निंगलं ते. एकट्यानं तं नाईच."

बोलताना त्याचे ओठ नीट उघडत नाहीत. शब्द दातांमागून येतात. मी उद्या सांगतो म्हणालो. पुन्हा उद्या!

३१ मार्च, रवि

भाभींचा निरोप आला: ते उद्याचे धुतलेले कपडे बाजूला ठेवून तयार आहेत, पहिल्या बसनं निघतील. भाईसाबनं काय ठरवलं?

निरोप आणणाऱ्याला थांब म्हणालो आणि आत आलो. खिशात जत्रेतली शेवटची पुडी होती. टेबलावर ठेवली. पन्नीतून पिवळं दिसतंय. खर्रा. माझ्या पुडीचा शब्द, वहीत लिहिला पूर्ण.

न्हाणीत गेलो. यावेळी दार उघडं ठेवलं. टॉर्चमध्ये नवे सेल. गालात बघितलं, मग तीन बोटं एकावर एक धरली आणि दातांच्या मधून घातली.

दोन गेली. तिसरं अडकलं.

रत्नाला हाक मारली.